आटलेल्या वर्षातला निम्मा कॅन

भाचीच्या घरी सगळ्याला एकच शब्द, सुकं. कपडे सुकले, भाजी सुकी, झाडही सुकलं. माझं डोकंच उठतं. अगं, कपडे वाळतात, ओठ सुकतात, झाड वठतं, घशाला कोरड पडते. आमच्या वडवणीकडं तर भाकरीबरोबरच्या पातळ कालवणालाही कोरड्यास म्हणतात. कावून म्हणतात ते मला विचारू नका, पण म्हणतात.

दुभतं जनावर आटतं. ते आटणं मी फार जवळून पाहिलंय, कारण गावच्या दूध सोसायटीत फॅट आणि डिग्री बघायचं काम दहा वर्षं माझ्याकडं होतं. डिग्री बघायची म्हणजे दुधात काचेची नळी सोडायची. दुधात पाणी असलं की नळी जास्त बुडते, डिग्री कमी लागते. माझ्या हातून पाणीवाला कधी सुटला नाही. तोंडाची फटकळ होते, चारचौघांत सांगायची.

बौद्धाची बाई दुधाला हात लावणार म्हणून सुरुवातीला लई कुरकुर झाली. मग गावानं तोड काढली. ज्याचं त्यानं कॅनमध्ये ओतायचं, मी फक्त नमुना काढायचा, कुणाच्या केटलीला हात लावायचा नाही. कॅनमधलं दूध शहरात जाणार, तिथं कोण विचारतंय! मीही चालवून घेतलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, काम सोडून करणार काय?

त्या वर्षी पाऊस पोळ्यानंतर आलाच नाही. दिवाळी झाली आणि आमची वस्ती घरांना कुलपं लावून ऊसतोडीला गेली. विहीर आटली, टँकर सुरू झाला, मागोमाग एकेक जनावर आटलं. पहाटेची रांग गेली. फाल्गुनात दूध घालणारे तिघंच राहिले. दोघं ओतून लगेच जायचे. तिसरे काका, वरच्या आळीचे, एका म्हशीचे धनी. ते दुधाचा टेम्पो येईपर्यंत समोरच्या दगडावर बसायचे आणि बोलायचे. गुडघे, घाटनांदूरला दिलेली लेक, म्हशीचा हट्टीपणा, काहीही. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस. सांगायला लाज कसली, मी रात्रीच ठरवून ठेवायची, उद्या काकांना काय विचारायचं.

एक दिवस टेम्पोवाला म्हणाला, “बाई, निम्मा कॅन तरी भरत जा. न्हाईतर मी आत वळणार न्हाई. डिझेल फुकट येतंय का?”

टेम्पो बंद म्हणजे केंद्र बंद. केंद्र बंद म्हणजे काकाही नाहीत. दुसऱ्या दिवशी दूध निम्म्याला दोन बोटं कमी पडलं. काका लघवीला आडोशाला गेले होते. मी घरून आणलेला प्यायच्या पाण्याचा तांब्या कॅनमध्ये रिकामा केला. मी! जिनं लोकांना पाण्यावरून शिव्या घातल्या ती! किती पाणी खपतं हे मला तोंडपाठ होतं, म्हणून आठवडाभर निभावलं. मग म्हैस आटत चालली, माझे तांबे वाढत गेले.

शेवटी टेम्पोवाल्यानं स्वतःची नळी काढून दारातच बघितलं. “हे दूध हाय का धुवण? उद्यापासून माझी वाट बघू नका,” म्हणाला आणि कॅन ठेवून गेला. बाकीचे दोघं आधीच घरी गेले होते. काका म्हणाले, “जाऊ द्या बाई, वाया कशाला घालायचं? विरजण लावतो.” त्यांनी कॅनमधून आपली केटली भरून घेतली. मग त्यांना राग आला.

“त्या दोघांतल्या खालच्या गल्लीवाल्यानंच पाणी घातलं असंल. मुडदा बशिवला त्याचा! आता जातो अन् त्याला दारात उभा करतो.”

त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी म्हणाले, “काका, त्यानं न्हाई. मी घातलं. टेम्पो बंद होऊ नये म्हणून.”

मला वाटलं, काका शिव्या देतील. द्याव्यात, माझी चूकच होती. त्यांनी एवढंच विचारलं, “पाणी कुठलं?”

“माझ्या घरचं. माझ्या माठातलं.”

त्यांनी केटली तिथंच मातीत उपडी केली. घोटभर पाण्याला गाव तरसत होतं, आणि दूध धुळीत चाललं होतं. धुवायला पाणी नव्हतं म्हणून ते उकिडवे बसले, बाजूच्या घरापुढच्या चुलीतली राख मुठीत घेतली आणि केटली आतून बाहेरून कोरडीच घासायला लागले. जोर लावून, पुन्हा पुन्हा. माझ्यासमोर. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून.

मी दारात उभी राहून ते सगळं बघितलं. रोज सकाळी काका माझ्याशी बोलायला बसतात, असं मी धरून चालले होते. पण त्यांना नुसतं बोलायचं होतं, आणि पहाटेची रांग गेल्यावर ऐकायला दुसरं कुणी राहिलं नव्हतं.