करार संपल्यावरची काकांची हिंदी

इकडे हिंदी मुलखात, सोनागिरीत, आमचा घरमालक मात्र मराठीच. नागपूरकडचा, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, आमच्याच वरच्या मजल्यावर राहणारा. घर देताना बाबांना म्हणाला होता, "आपल्या माणसाला देतोय. मला काकाच म्हणा." अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा बाबा नव्या करारासाठी वर गेले, तर काका म्हणाले, "घरच्या घरात कसला कागद?" बाबा खूश होऊन खाली आले. ते कारखान्यात फिटर. कागद नको म्हणणारा माणूस त्यांना मोठ्या मनाचा वाटतो. मी घरातली पहिली पदवीधर, मला तेव्हाच खटकलं होतं.

दिवाळी उलटली आणि काकांनी आमच्याशी मराठी बोलणं सोडलं. जिन्यात बाबांना गाठून म्हणाले, "देखिए, अगले महीने से किराया डेढ़ गुना. मार्केट रेट है." बाबा मराठीत विनवत राहिले, हे हिंदीत उत्तर देत राहिले. मराठी ते बायकोशी आणि देवाशी बोलायचे, हिंदी भाजीवाल्याशी. आम्ही भाजीवाल्याच्या रांगेत गेलो होतो.

धाकटीची बारावी तोंडावर आलेली. या दिवसांत घर हलवणं शक्यच नव्हतं आणि ते काकांनाही ठाऊक होतं.

रविवारी ते एका जोडप्याला घेऊन थेट आत आले. चपला घालूनच. धाकटी पलंगावर वाचत होती. "बेटा, ज़रा उठना," म्हणाले आणि भिंतीला ओल नाही हे दाखवायला तिची गादी उचलली. स्वयंपाकघरात आईच्या डब्यांचं कपाट उघडलं. मागच्या गॅलरीत जाऊन सांगू लागले, "ये जाली मैंने लगवाई है, सेफ्टी के लिए." ती जाळी बाबांनी सुट्टीच्या दिवशी बसून, स्वतःचं लोखंड आणून वेल्ड केली होती. बाबा तिथेच उभे होते. पाहुणी बाई बिचारी खाली मान घालून उभी राहिली, तिला लाज वाटली. काकांना नाही.

मी वर गेले. म्हटलं, "करार संपल्यावरही तुम्ही भाडं घेत आलात. म्हणजे आम्ही भाडेकरूच आहोत. काढायचं तर लेखी नोटीस द्या, वाढवायचं तर बसून बोला."

ते मला टाळून जिन्यातून खाली बाबांना ओरडून म्हणाले, "लड़की को ज़्यादा पढ़ा दिया आपने."

दुसऱ्या दिवशी टाकीचा व्हॉल्व्ह बंद. आई आणि धाकटी शेजारून बादल्या आणत होत्या. मी खाली अंगणात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, की पाणी तोडता येत नाही, संध्याकाळपर्यंत सोडलं नाही तर ठाण्यात जाईन. संध्याकाळी नळ आला. मला वाटलं, शिकल्याचं सार्थक झालं.

रात्री जेवताना आईने सांगितलं, बाबा दुपारीच वर जाऊन वाढीव भाडं कबूल करून आले होते.

"परीक्षा होऊ दे," बाबा म्हणाले. "मग तुझा कायदा."

मी म्हटलं, ठीक, पण आता कागद होणार. दोन दिवसांनी काका आमच्या खुर्चीत येऊन बसले, आईने ठेवलेला चहा प्यायले आणि अगदी गोड मराठीत म्हणाले, "बाळ, काकांवर विश्वास नाही?"

"नाही."

बाबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी लिहून आणलेल्या कराराची एकेक ओळ वाचून दाखवली. पाणी बंद करायचं नाही. न विचारता घरात यायचं नाही. परीक्षा संपेपर्यंत कुणाला घर दाखवायचं नाही. काकांनी सही केली, आणि मग सहीची किंमत वसूल करायची असल्यासारखे बसूनच राहिले. आपल्या मराठी माणसांनी परमुलखात एकमेकांना धरून कसं राहावं, यावर बोलू लागले. आवाज चढत गेला. आतल्या खोलीत धाकटीचं मोठ्याने चाललेलं पाठांतर थांबलं.

बाबा उठले. दार उघडून धरलं.

"काका, आता वर जा," ते म्हणाले. "पोरगी अभ्यास करतेय."