डाव्या कडेचे बाबा

नागपूरला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि साताऱ्याहून सोबत आलेली काळजी अजून तशीच होती. मी मुळात काळजीखोर. गॅस बंद केला का, हे बघायला कोपऱ्यावरून परत येणारा. पण या खेपेला काळजीला कारण होतं.

धाकट्या बहिणीचं साक्षगंध (आपल्याकडचा साखरपुडा) नागपुरात झालं आणि पुढच्याच महिन्यात बाबा गेले. कॅमेरा दिसला की बाजूला सरकणारा माणूस. हलतेबोलते बाबा कुठे असतील, तर त्या दिवसाच्या शूटिंगमध्येच. परवा शूटिंग करणाऱ्या रंजनाताईंनी मोबाईलवर नमुना पाठवला. सोबत निरोप होता, 'सॉफ्ट व्हिनेट टाकलं, मस्त दिसतं. कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं.' व्हिनेट म्हणजे चित्राच्या कडा हळूहळू काळ्या करत नेणं, नजर मधल्या जोडीवर राहावी म्हणून. बाबा डाव्या कडेला, खांबापाशी, पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते, हे मला पक्कं आठवत होतं. नमुन्यात ताटाची कड तेवढी चमकत होती. बाकी सगळा काळोख. मूळ शूटिंग उरलंय का, हे फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर 'नाही' ऐकायची हिंमत नव्हती. आईला ऑफिसचं काम सांगितलं आणि गाडीत बसलो.

रिक्षावाल्याला हुडकेश्वरचा प्लॉट नंबर सांगितला. "लेआउट कोणता जी?" त्याने विचारलं. लेआउट (प्लॉट पाडलेली वसाहत) मी लिहूनच घेतला नव्हता. तोच नंबर तीन ठिकाणी निघाला.

"एवढे काहून घामाघूम होऊन राहिले? ऊन तर अजून तापलंच नाही," रिक्षावाला म्हणाला.

तिसऱ्या दारात रंजनाताई उभ्या होत्या. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालतं. त्यांच्या आईने गरम सांबारवडी (कोथिंबीर भरून तळलेली वडी) समोर ठेवली, पण मी बशी बाजूला सरकवली. "आधी मूळ शूटिंग आहे का, तेवढं बघा," मी म्हणालो.

त्यांनी फिल्म उघडली. सगळा पडदा लाल झाला आणि त्यावर 'फाइल सापडत नाही' अशी पाटी आली. मी उठून उभा राहिलो.

"थांबा ना दादा, हार्ड डिस्कची वायर ढिली हाय," त्या म्हणाल्या. वायर नीट खोचली, चित्र आलं. मग त्यांनी एका चौकोनातली खूण काढली आणि कडा उजळल्या. "व्हिनेट तर वरून टाकलेला थर हाय. खालचं कुठं जाते?"

खांबापाशी बाबा उभे होते. मान उंचावून, पेढा कुणाचा राहिला ते शोधत होते. मी सरळ रडलो.

रंजनाताईंनाही हुरूप आला. त्यांनी उजेडाचा गोल उचलून बाबांवर ठेवला. जोडी काळोखात गेली आणि बाबा एकटे उजेडात आले. "आता कसं?"

मला ते बघवेना. सगळ्यांची नजर आपल्यावर आहे म्हटल्यावर बाबा ताट टाकून पळाले असते. "नको ताई. नुसता काळोख काढा. ते कडेलाच बरे."

"माहे बाबाही तसेच होते," रंजनाताई म्हणाल्या. "त्याईचे सगळे फोटो पाठमोरे."

परतीच्या प्रवासात, ताईंनी फिल्म भरून दिलेल्या खिशातल्या पेनड्राइव्हवरचा हात मी काढला नाही. झोपेतही नसेल काढला.

घरी आल्यावर ऑफिसच्या कामाचं खरं काय ते सांगून टाकलं आणि टीव्हीवर फिल्म लावली. पडद्यावर मधोमध बहीण अंगठी घालत होती. तिच्याकडे आईचं लक्षच नव्हतं. ती उठून टीव्हीच्या डाव्या कडेशी जाऊन उभी राहिली. नागपूरला जाताना ती काय म्हणेल याचे शंभर अंदाज मी बांधले होते, त्यातला एकही खरा ठरला नाही.

"अरे, यांच्या कॉलरचं बटण राहिलंच की," ती म्हणाली. "मी सांगणार होते त्यांना. गडबडीत राहून गेलं."

पदराने तिने काचेचा तेवढा कोपरा पुसला आणि म्हणाली, "परत लाव."