घोडेमास्तरांनी बुडवलेला सूड

पुणतांब्याच्या शाळेतले आमचे मास्तर ग्रीकांच्या जुन्या युद्धातला लाकडी घोडा फळ्यावर असा काढत, की तो पुसायचा कुणाला धीर होत नसे. म्हणून ते घोडेमास्तर. शनिवारी शाळा सुटली की आम्हाला गोदावरीच्या वाळवंटात नेऊन त्या युद्धाचं काव्य आमच्या भाषेत सांगत. समुद्र आम्ही कुणी पाहिला नव्हता. "पूर आला की पलीकडचा काठ दिसेनासा होतो ना, तसा," एवढ्यात त्यांनी तो उरकला. ग्रीक राजे त्याहून सोपे. "आपले पाटीलच समजा. मानपानापायी फौजा मारल्या."

ऐकून भागत नसे, सोंगंही घ्यावी लागत. बलाढ्य वीर नेहमी पाटलांचा रंगनाथ, कारण त्याच्याकडे जरीचा फेटा. त्याच्या हातून मरणारा राजपुत्र मी, हमालाचा पोर. काव्यात तो वीर राजपुत्राचं प्रेत रथामागं बांधून फरफटवतो. रंगनाथानं ते खरंच केलं. पायांना दोरी बांधून मला गोट्यांवरून घाटापर्यंत ओढलं. पाठ सोलून निघाली. पोरं हसत होती. "मेलेलं मानूस बोंबलत न्हाई रं," रंगनाथ म्हणाला.

मास्तरांनी त्याला छडीनं बडवलं आणि माझ्या पाठीला हळद लावली. मी म्हणालो, "मास्तर, ह्याला मी सोडनार न्हाई."

"नको सोडूस. पण आधी गोष्ट पुरती ऐक."

पुढच्या शनिवारी त्यांनी शेवट सांगितला. राजपुत्राचा म्हातारा बाप सोनं घेऊन शत्रूच्या तंबूत प्रेत मागायला येतो. तिथं मास्तर थांबले. "म्हातारा दारात बसलाय. भाव सांगा."

कुणी एक गाडी सोनं म्हणालं, कुणी दोन. मी म्हणालो, "सोनं बी घ्यायचं अन् प्रेत बी द्यायचं न्हाई."

"तू धंद्यात पुढं जाशील," मास्तर हसले. मग म्हणाले, "म्हाताऱ्यानं सोनं बाजूला ठेवलं, आणि ज्या हातांनी मुलाला मारलं त्या हातांवर ओठ टेकले." वीरानं प्रेत देऊन टाकलं, एवढं सांगून त्यांनी आम्हाला घरी पिटाळलं.

धंद्यात मी गेलोच. महायुद्ध संपल्यावर भांडून-झगडून स्वतःची मालमोटार घेतली. रंगनाथ नगरच्या दवाखान्यात विषमज्वरानं गेला, तेव्हा गावात दुसरी मोटार नव्हती. भर दुपारी म्हातारे पाटील अनवाणी माझ्या दारात आले. "पोराला घरी आनायचंय. काय घ्यायचं ते घे."

याच दिवसाची मी वाट पाहत होतो. शब्द तयार होते: दोरी द्या, मोटारीमागं बांधून आणतो. तेवढ्यात पाटलांनी माझे दोन्ही हात धरले. मला संताप आला, तो मास्तरांचा. ती गोष्ट सांगून त्यांनी माझं तोंड कधीच बांधून ठेवलं होतं. मी मुकाट्यानं मोटार काढली.

मास्तरांची जामखेडला बदली झाली होती. तिथं जाऊन मी जाब विचारला. "माझा सूड तुम्ही बुडवलात."

"बुडवला कुठं? काव्यातसुद्धा तहकूबच केलाय. चिता विझेपर्यंत लढाई बंद, मग पुन्हा सुरू."

"कुणाशी सुरू करू, मास्तर?"

पुन्हा भेट झाली नाही; ते तिकडेच वारले.

रंगनाथाला मी माफ केलेलं नाही. आता नातवंडांना ते काव्य मीच सांगतो, मास्तरांच्याच शब्दांत. राजपुत्राला फरफटत नेलं, इथं थांबतो. "पुढं काय झालं, आजोबा?" असं ती रोज विचारतात. मी सांगत नाही. त्यांनाही कधी तरी कुणाचा सूड घ्यायचा असेल.