शेंदराचा डाग आणि नाखव्याची जीप

तिसऱ्यांदा नाखव्याची जीप शेडच्या दारात आली, तवा मी उठून बघितलं पण न्हाय. रस्त्यावरनं वळतानाच कानावर आलं. मागच्या एक्सलमधनं ऊंऽऽ करून एकसारखा आवाज.

नाखवा खाली उतरला. "काकी, ऐकलं ना?"

"ऐकलं."

"दोनदा खोलून झालं. आठ दिवस गप ऱ्हाते, मंग परत रडते. तुज्याच्यानं होत नसंल तर सांग, मी पनवेलला नेतो. माज्या तीन होड्या हायेत. गाडी बंद पडली तर त्या पाण्यातनं वर कोण ओढनार, माजा बापूस?"

"ठेव गाडी," मी म्हणलं.

माजा मुलगा दिनेश बाजूला टायर बदलत व्हता. अर्ध्या शेडमधी त्याचं टायरचं दुकान हाय. नाखवा गेल्यावर म्हणाला, "आई, आता बस कर. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुज्या. हे बारीक काम तुला दिसत न्हाय, हे समजून घे."

मी म्हणलं, "ह्या वेळी आवाज आला तर पाने पेटीत टाकते आणि पेटीची चावी तुला देते."

बोलले ते मनापासून बोलले.

हे काम मी शिकले कारण शिकावं लागलं. शाळा चौथीपर्यंत. रेवसच्या रस्त्यावर आमच्या ह्यांचं गॅरेज व्हतं. एकदा जॅक सरकला आणि गाडी ह्यांच्या कमरेवर बसली. तवापासून हे खाटेवर, आणि खाट शेडमधी. हे बघून सांगायचे, मी करायची. हात माजे, डोळे ह्यांचे. पुढं हे गेले, तवा डोळे पण माजेच झाले. सुतक धरून बसायला पण मिळालं न्हाय, एका टेम्पोचं एक्सल खोललेलं पडलं व्हतं.

आता क्राऊन-पिनियन म्हणजे काय ते सांगते. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातनं गाडीच्या मागं येते. ती आडवी वळवून दोन्ही चाकांना द्यायची असते. त्यासाठी एक्सलच्या पोटात दोन दातेरी चाकं बसतात. लहान ते पिनियन, परातीएवढं मोठं ते क्राऊन. दोघं जोडीनंच येतात. एका जोडीतलं एक आणि दुसऱ्या जोडीतलं दुसरं असं लावून चालत न्हाय.

खरी मेहनत दात जुळवायची. पिनियन किती आत बसवायचं, ते शिम टाकून ठरवतात. शिम म्हणजे कागदासारखी पातळ पत्र्याची चकती. एक जास्त झाली तरी दात चुकीच्या जागी घासतात. जागा बघायला मी दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावते आणि क्राऊन हातानं फिरवते. जिथं दाताला दात लागतो तिथला शेंदूर निघतो, डाग दिसतो. डाग दाताच्या मधोमध पडला पायजे. पिनियनचं बेरिंग किती आवळलंय ते बघायला पिनियनला दोरी गुंडाळायची आणि मासे तोलायच्या लटकत्या काट्यानं ओढायची, काट्यावरचा आकडा सांगतो. ही ह्यांची पद्धत.

प्रत्येक दाताला दोन बाजू असतात. गाडी पुढं जाते तवा एक बाजू जोर घेते, रिव्हर्सला दुसरी. आम्ही पुढची बाजू जपतो, कारण गाडी दिवसभर पुढंच जाते. पाठच्या बाजूला डाग जरा कडेला गेला तरी सोडून देतो. हे म्हणायचे, रस्त्यावर आवाज न्हाय आला म्हणजे काम झालं.

पहिल्या वेळी मी नवीन जोडी टाकली. डाग मधोमध. किहीमपर्यंत गाडी फिरवून आणली, आवाज न्हाय. आठ दिवसांनी परत. दुसऱ्या वेळी खोलून शिम बदलले, परत रस्त्यावर गप. परत आठ दिवस.

आता तिसऱ्यांदा तेल काढलं तर तेलात लोखंडाचा चुरा. चांदीसारखा चमकत व्हता. क्राऊन बाहेर घेतलं, पुसलं, उन्हात धरलं. पुढची बाजू नव्यासारखी. झिजली व्हती ती पाठची बाजू. दाताची कड तर दोन ठिकाणी तुटलेली.

मला वाटलं डोळेच फसवतात. दिनेशला बोलावलं.

"कुठली बाजू घासलीय?"

"पाठची."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. पाठची हाय, आई."

म्हणजे डोळे खरं सांगत व्हते. पण त्यानं माजं डोकं आणखीच फिरलं. गाडी पुढं चालते आणि दात पाठच्या बाजूनं झिजतात, असं कसं होईल? क्राऊन मी उलटं बसवलं का? तसं बसतच न्हाय. दोन दिवस तोच इचार. भात वाढताना पण मी हातानं पिनियन फिरवत व्हते.

शेवटी सगळं परत बसवलं, जीप जॅकवर चढवली, पहिला गिअर टाकला आणि मागची चाकं कुठं फिरतात ते बघत बसले. पुढंच फिरत व्हती. दिनेशला हसू आवरंना.

"काय बघतेस? पहिल्या गिअरमधी गाडी मागं जाते का ते?"

मला हसू आलं न्हाय. मी तेच बघत व्हते.

नाखव्याला फोन लावला. "तू रिव्हर्स किती चालवतोस?"

"दारात गाडी वळवायला. का?"

"लांब न्हाय ना जात?"

"रिव्हर्समधी लांब कोण जातो, काकी! मान मोडून घ्यायचीय का?"

झालं. तो पण रस्ता बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाखवा स्वतः आला. एक होडी परत आली व्हती आणि तळाला फट पडलेली. भरती उतरायच्या आत वर घ्यायची व्हती.

"रडती तर रडती, एवढी एक होडी ओढतो आणि गाडी परत लावतो."

"मी पण येते," मी म्हणलं. "जोर पडल्यावर कशी रडते ते ऐकायचंय."

किनाऱ्यावर त्यानं मला उतरवलं. मंग जीपचं तोंड समुद्राकडं केलं आणि थांबला. दोन माणसांनी होडीचा दोर आणून जीपच्या पुढच्या हुकाला अडकवला. होडीखाली आडवी लाकडं घातली. नाखव्यानं हात वर केला, रिव्हर्स टाकला, आणि जीप उलटी वर चढायला लागली. मागची चाकं वाळूत रुतत व्हती आणि एक्सल असं ओरडत व्हतं की माज्या दातांना कळ लागली.

होडी वर आल्यावर मी गेले. "रोज असाच ओढतोस?"

"मंग कसा ओढू? चार वर्षांमागं मी पुढं बघून ओढत व्हतो. पाठी होडी कलंडली, माज्या भावाचा पाय खाली गेला. मला दिसलंच न्हाय. तवापासून तोंड होडीकडं."

"मंग फोनवर सांगितलं न्हायस ते?"

"तू लांब जातो का इचारलंस. हे कुठं लांब हाय? शंभर पावलं."

शंभर पावलं. दोन टनाची होडी, ओली वाळू, आणि सगळा भार दाताच्या त्या बाजूला, जी मी दोनदा सोडून दिलेली. त्यात रिव्हर्सच्या जोरात पिनियन क्राऊनकडं आत ओढलं जातं. बेरिंग जरा जरी सैल असलं तरी ते सरकतं आणि दात खातं.

मी नाखव्याला म्हणलं, "उद्या नवीन जोडी आण. आणि तुजा मासे तोलायचा काटा आण, माजा गंजलाय."

ह्या वेळी मी पाठची बाजू आधी धरली. पाच वेळा शिम काढले, घातले. पाठचा डाग मधोमध आणला, पुढचा जरा कडेला राहू दिला. बेरिंग ह्यांच्या आकड्यापेक्षा थोडं जास्त आवळलं. आमच्या ह्यांनी खाटेवरनं शिव्या दिल्या असत्या.

दिनेशनं रस्त्यावर फिरवून आणली. "आई, बारीक आवाज येतोय."

"येऊ दे."

"तू म्हणालेलीस, आवाज आला तर पेटी माज्याकडं."

"पेटी किनाऱ्यावर घे. तिथं आवाज आला तर देते."

तो खरंच पेटी घेऊन आला. नाखव्यानं मोठी होडी लावली, जाळ्यांसकट. जीप उलटी वर चढली. मला फक्त इंजिन ऐकू आलं आणि होडीखालची लाकडं करकरली. बाकी काय न्हाय. दिनेश एक्सलजवळ वाकून वाकून चालत व्हता. वर पोचल्यावर उभा राहिला, कमरेला हात लावला, आणि पेटी परत गाडीत टाकली.

आठ दिवस मी रोज कान देऊन व्हते. आठ दिवसांचे दोन महिने झाले. नाखवा रस्त्यानं जातो तवा जीप जराशी गुणगुणते. तो थांबून सांगतो, "काकी, येतोय हां आवाज!" मी सांगते, येणारच.

आता गाडी आली की मी पहिलं इचारते, ही काम काय करते. आणि तरी एकदा जाऊन बघते. झाकण मंग खोलते.