भाकरी घोड्यावर होती

फुलाबाईंचा राग पणदऱ्यात कुणाला नवा नाही. त्यांच्या तोंडी लागायचं नाही, हे दूध न्यायला येणारी शेंबडी पोरंही जाणतात. पण हा राग आला कुठून, ते कुणी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच काय? नवरा रामहरी तीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत एक किस्सा सांगतच होता.

किस्सा असा. घरात मेंढरं होती तेव्हा दिवाळी झाली की ही सगळी माणसं घाट उतरून कोकणात जायची. चालायची रीत ठरलेली होती. पुरुष मेंढरं घेऊन रानारानातून जायचे. बायका पीठमीठ, भांडीकुंडी आणि लहान पोरं घोड्यांवर लादून सरळ रस्त्याने. मुक्कामाची जागा सकाळीच ठरायची, बायका पुढे जाऊन तिथे चुली पेटवायच्या. एका वर्षी फुलाबाई घोडी घेऊन म्हणे भलतीकडेच जाऊन बसल्या आणि दहा माणसं उपाशी राहिली. "बाई वाट चुकली!" असं म्हणून रामहरी मांडीवर थाप मारायचा आणि पंगत खो खो हसायची.

सगळं खोटं! फुलाबाई ठरल्या ओढ्यावरच होत्या. वाटेत एका शेतकऱ्याने लेंडीखतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवायचा आग्रह केला, म्हणून रामहरीने मुक्काम बदलला आणि बायकांना निरोप धाडायला विसरला. झालं ते एवढंच. वर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बायकोलाच झापलं. त्या तेव्हाही बोलल्या होत्या, पण बाईमाणसाचं ऐकतो कोण? पुढे मेंढरं गेली, ऊस आला, गोठ्यात गाई आल्या. किस्सा तेवढा जागचा हलला नाही.

त्यांचा मुलगा रविराज बारामतीत कॉम्प्युटर शिकवतो. रविवारी तो घरी मित्र जमवून फाशांचा एक खेळ मांडतो. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, आणि रविराज सांगेल त्या मुलखातून प्रवास करायचा. काम जमलं की फसलं ते फासे ठरवणार. त्या रविवारी गोकुळ नावाचा भिडू इंदापूरला लग्नाला गेला, म्हणून रविराज म्हणाला, "आई, तू बस. गोकुळचं सामानाचं घोडं तेवढं सांभाळ."

खेळात औषध घेऊन सहा दिवसांत डोंगरापलीकडच्या गावात पोचायचं होतं. फुलाबाईंनी पहिल्याच दमात विचारलं, माणसं किती, पाणी कुठं कुठं हाय, घोड्याला चारा कोण देणार? शेतकी कॉलेजात शिकणारी सोनम हसत वहीत लिहायला बसली.

"पाणी आधी मांड, पोरी. पीठ सरलं तर माणूस मागून खाईल. पाणी कोण दील?"

सोनमने पाणी आधी मांडलं. आपण सांगितलेलं कुणी लिहून घेतंय, हे फुलाबाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना बरं वाटलं. सामानाचं घोडं सरळ वाटेने ओढ्यावर न्यायचं, बाकीच्यांनी जंगलातून तिथेच यायचं, असं त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे ठरवून दिलं.

खेळातल्या तिसऱ्या दिवशी अविराजला जंगलात एक पडका गड दिसला. हा रविराजचा मित्र भिगवणला मासळीचं हॉटेल चालवतो, रोज शेकडो माणसं जेवू घालतो, पण त्याला काय त्याचं! म्हणाला, "मुक्काम गडावरच करू. जेवतो आणि झोपतो."

"काय जेवता?"

"भाकरी, काकू."

"भाकरी माझ्या घोड्यावर हाय. घोडं ओढ्यावर हाय. मला निरोप कुणी धाडला?"

बाजेवर पडलेला रामहरी उठून बसला. "घ्या! हितं बी बाई वाट चुकली!" पोरं हसली. सोनमसुद्धा हसली.

निकाल रविराजच्या हातात होता. फुलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पोटचा पोरगा, पण बोलला बापाचंच. "आई, शिधापाण्याचं एवढं धरून बसलं तर खेळ रेंगाळतो. असं धरू की घोडं वाट चुकलं आणि फिरत फिरत गडावर आलं. जेवण झालं. पुढं चला."

"धरू?" फुलाबाई ताडकन उठल्या. "तुझा बाप बी जन्मभर धरूनच चालला! जागा बदलली त्यानं, निरोप इसरला त्यानं, अन् वाट माझी चुकली व्हय? मी ठरल्या जागी हुते. चूल पेटवून बसले हुते. कुणी आलं न्हाय."

"आगं, खेळ हाय नुसता," रविराज पुटपुटला.

"खेळा की मग. जेवाण मळ्यातल्या विहिरीवर हाय, कांदं काढणाऱ्या बायकांसंगं. एक वाजता. ठरलं?"

"ठरलं," सगळे म्हणाले.

दोन वाजता विहिरीवर बसलेल्या फुलाबाईंना रविराजचा फोन आला. "आई, डाव रंगात आलाय. भाकरी घरीच पाठव ना."

"धरा जेवलासा म्हणून!" फुलाबाईंनी फोन कापला.

अडीच वाजता बांधावरून वरात आली. पुढे वही घेतलेली सोनम, मागे अविराज, त्यामागे मान खाली घातलेला रविराज. "घोडं ओढ्यावरच होतं, आई," तो म्हणाला. "वहीत तसंच लिहिलंय. आमी उपाशी राहिलो."

फुलाबाईंनी तिघांना वाढलं. सगळ्यात शेवटी रामहरी आला आणि त्याने हात पुढे केला. भाकरी पाटीतच राहिली.

"जागा कुणी बदलली?"

कांदेवाल्या बायकांचे घास हातातच थांबले. रामहरी उसाकडे बघू लागला. "आगं, तीस वर्षं झाली आता..."

"कुणी?"

"मी."

"अन् निरोप?"

"न्हाय धाडला. इसरलो."

"मोठ्यानं बोला. पंगतीत बोलता तसं."

रामहरी मोठ्याने बोलला. कुणी हसलं नाही. फुलाबाईंनी त्याच्या हातावर भाकरी ठेवली. ती पार गार झाली होती. विहिरीवरच्या चुलीत निखारे होते, तरी त्यांनी ती गरम करून दिली नाही.