मिस्त्रीचा पिवळा ठिपका

माझ्या गाडीत बसून उठलेल्या माणसाचं बूड निळं व्हायचं. सासूबाईंची मोतिया रंगाची साडी गेली, सोसायटीच्या सेक्रेटरींची पांढरी पँट गेली, माझ्या स्वतःच्या तर तीन पँटी गेल्या. घाम आला की सीटमधला रंग जागा व्हायचा आणि एकदा धरलं की सोडायचा नाही. कारण उघड होतं. नवी मुंबईत, पावणे गावाजवळच्या ज्या रंगाच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो, तिथल्या मागच्या शेडमध्ये ही गाडी वर्षानुवर्षं उभी होती आणि तिच्या सीटांवर निळ्या भुकटीची पोती रचून ठेवलेली असायची.

गाडी दोन दारांची, इटालियन, मागे उतरत्या छपराची. आमच्या शेठच्या थोरल्या भावानं कधीकाळी हौसेनं आणलेली. भाऊ गेला, हौस गेली, गाडी राहिली. नव्वदीच्या मध्यावर शेठनं एक दिवस मला बोलावलं. "शेड रिकामी करायचीय. भंगारवाला येतोय. तुला हवी असेल तर आजच ढकलत ने." मी ढकलत नेली. दोन हमाल, एक वॉचमन आणि मी. तीस वर्षांचा होतो, लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आयुष्यात काहीतरी वेगात जायला हवं असं वाटायचं.

एरवी मी फार बोलणारा माणूस नाही. या गाडीबद्दल तर इतकी वर्षं कुणापाशी अवाक्षर काढलं नाही, कारण तिच्यापायी मी एका चांगल्या मिस्त्रीचं नाव धुळीला मिळवलं आणि गप्प बसलो. आता पन्नाशी उलटून गेली. गप्प बसायची पण एक मर्यादा असते.

मिस्त्री मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याला त्यांची पत्र्याची शेड होती. वाशीच्या मार्केटमध्ये माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका व्यापाऱ्याच्या गोडाऊनचं काम बघायचे. त्यांच्या ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठचे ट्रक मिस्त्रींकडे यायचे ते अण्णांच्या शब्दावर. म्हणजे मिस्त्रींची भाकरी त्या ट्रकांवर, ट्रक अण्णांच्या शब्दावर आणि अण्णांचा शब्द मिस्त्रींच्या हातावर. हात खरंच चोख होता.

त्यांची एक पद्धत होती. कुठलाही महत्त्वाचा बोल्ट आवळून झाला, की पाना खाली ठेवायच्या आत त्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. मार्केटमधले ड्रायव्हर चाकाखाली वाकून ठिपका बघायचे आणि निर्धास्त घाट चढायचे. आणि एक नियम होता: "ज्येनं उघडलं त्येनंच लावायचं. मधी दुसऱ्याचा हात नगं."

गाडी बघून मिस्त्री बराच वेळ तिच्याभोवती फिरले. मग म्हणाले, "सायेब, हिला करायचं काय?"

"रस्त्यावर चालवायची आणि शर्यतीतही पळवायची."

"म्हंजी नांगराला पन ह्योच बैल आन् शर्यतीला पन ह्योच?"

"हो."

"घरात इचारलंय का?"

घरात विचारलं होतं. बायकोची अट साधी होती. "शर्यतीला कुठे न्यायची ती न्या. सोमवारी तिच्यातून गॅसचा सिलिंडर आला पाहिजे."

मग आठ-नऊ महिने आम्ही ती गाडी बांधली. इंजिन उतरवलं, घासलं, भरलं. मिळेना तो पार्ट मिस्त्री टॅक्सीच्या पार्टमधून कापून-तासून बसवायचे. गाडी अशी केली की शर्यतीला जाताना मागची सीट, स्टेपनी, बंपर, पायाखालच्या चटया सगळं अर्ध्या तासात उतरायचं आणि परत आल्यावर अर्ध्या तासात चढायचं. उतरलेलं सामान आमच्या नेरूळच्या वन बीएचकेमध्ये राहायचं. मागची सीट हॉलमध्ये सोफा म्हणून. बंपर टीव्हीच्या मागे. पाहुणे यायचे, सोफ्यावर बसायचे, निळे होऊन जायचे. वजन कमी करायला मी पुढच्या सीटच्या गादीतला काथ्या उपसत बसलो होतो तेव्हा बायको म्हणाली, "वजनच कमी करायचंय ना? मग आधी तुमचं करा. गाडीचं काय, तिला ढेरी नाहीये."

सगळ्यात नाजूक प्रकरण ब्रेकचं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. मिस्त्रींनी त्यासाठी दोन जातीची लायनिंग करून आणली: रस्त्यासाठी मऊ, शर्यतीसाठी कडक.

"ह्ये कडक लायनिंग म्हंजी आमच्या गावचा पैलवान," ते मला समजावून सांगत. "आंग तापल्याबिगर धरत न्हाय. शर्यतीत ठीक हाय. भाजी आनायला न्हेलीत तर भाजीवाल्याच्या मांडीवर जाऊन बसशीला. परत आलात की मी बदलून देनार. तुमी हात लावायचा न्हाय."

शर्यत मद्रासजवळच्या ट्रॅकवर होती. त्याच गाडीनं गेलो, मी आणि मिस्त्री, दोन दिवसांचा रस्ता, निळे होत. बारा गाड्या होत्या. मी अकरावा आलो. बारावी सुरूच झाली नव्हती. मिस्त्री मात्र असे खूश होते जणू हिंदकेसरी झालोय. "सायेब, पंधरा फेऱ्या मारल्या आन् एक ठिपका फाटला न्हाय!" परतीच्या रस्त्यावर ते चाकाखाली वाकवून येईल-जाईल त्याला ठिपके दाखवत होते.

परत आलो आणि मिस्त्री गावच्या जत्रेला गेले. निघताना बजावून गेले, "कडक लायनिंग तसंच हाय. म्या येईपत्तूर गाडी काढायची न्हाय."

इथवर सांगायला मजा येते. इथून पुढे येत नाही.

शनिवारी अण्णांचा फोन आला. उद्या खाडीकाठच्या दिवाळे गावात मासळी घ्यायला जाऊ, तुमच्या त्या शर्यतीच्या गाडीतून, बघू तरी काय दिवे लावलेत. सासऱ्याला नाही म्हणायला जीभ रेटली नाही. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, नऊ महिने बघतोय, चार बोल्टांचं काम, त्यात काय वेद आहेत?

शनिवारी ड्यूटी संपल्यावर कारखान्याच्या त्याच मागच्या शेडमध्ये गाडी घेतली. आजूबाजूला कुणी नव्हतं. पुढची दोन्ही चाकं काढली. ज्या लोखंडी चिमट्यात लायनिंग बसतं, तो प्रत्येक चाकाला दोन बोल्टांनी धरलेला असतो. चारही काढले, मऊ लायनिंग बसवलं, तीन बोल्ट पान्यानं आवळले. चौथा, डावीकडचा खालचा, हातानं लावला आणि आवळणार तेवढ्यात ऑफिसातून शेठची हाक आली. कसल्याशा ऑर्डरवरून अर्धा तास गेला. परत आलो. चार बोल्ट दिसत होते, चारही जागेवर. मिस्त्री परत आले की माझा हात लागलेला त्यांना दिसणार, शिव्या देणार. कारखान्यात पाइप रंगवायचा पिवळा ऑइलपेंट होताच. मी काडी बुडवली आणि चारही बोल्टांच्या डोक्यावर एकेक सुबक ठिपका दिला.

पाना न लावता ठिपका लावला. माझं पाप एवढंच आहे, आणि ते पुरेसं आहे.

रविवारी सकाळी अण्णा ऐटीत पुढच्या सीटवर बसले. बुडाखाली त्यांनी शहाणपणानं पेपर घेतला होता. दिवाळ्याच्या गावात शिरेपर्यंत गाडी छान चालली. खाडीकडे जाणारी गल्ली उताराची, दोन्ही बाजूंना जवळा वाळत घातलेला. मी ब्रेक दाबला. डावीकडून घण मारल्यासारखा आवाज आला, पेडल थेट पायाखाली गेलं, चाक अडकलं आणि गाडी वळून जवळ्यावरून सरकत एका उलट्या ठेवलेल्या होडीला भिडली. अण्णांनी समोर हात धरला होता. मनगट मोडलं.

एक कोळीण टोपली टाकून धावत आली. "आरं मेल्या, डोले फुटलं काय तुजं? रस्ता तिकरं हाय!" मग तिची नजर अण्णांवर गेली. "आन् ह्या बापूस मानसाला मारतस काय?" तिनंच अण्णांना हाताला धरून उतरवलं, स्वतःच्या ओटीवर बसवलं आणि पाणी दिलं. मला दिलं नाही.

मागे गल्लीत पडलेला बोल्ट कुणीतरी उचलून आणून अण्णांच्या चांगल्या हातात ठेवला. त्याच्या डोक्यावर पिवळा ठिपका होता.

मिस्त्री जत्रेहून आले ते थेट आमच्या घरी, प्रसादाचे पेढे घेऊन. हॉलमध्ये प्लॅस्टर घातलेले अण्णा आणि त्यांना बघायला आलेले ते ट्रान्सपोर्टवाले शेठ बसले होते. अण्णांनी टीपॉयवरचा बोल्ट पुढे सरकवला.

"हे काय आहे, मिस्त्री?"

मिस्त्रींनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून बघितला. "ठिपका माजा न्हाय."

शेठ हसले. "मग काय आभाळातून पडला?"

"शेठ, माजा ठिपका निम्मा बोल्टाव, निम्मा शेजारच्या लोखंडाव आसतो. बोल्ट हालला तर ठिपका फाटतो, लगीच दिसतंय. त्यासाठीच तर लावायचा. ह्यो निस्ता मधी कुंकवाच्या टिकलीवानी लावलाय. ज्येनं लावला त्येला ठिपका कशाला आसतो ह्येच ठावं न्हाय."

नऊ महिने मी तो ठिपका बघत होतो. मलाही खरोखर ठाऊक नव्हतं.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. अण्णांनीही बघितलं. "जावईबापू, तुम्ही हात लावला होता का?"

मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतंय, अण्णा? सगळं मिस्त्रीच करायचे."

आमच्याकडे जावयाला दुसऱ्यांदा विचारत नाहीत. अधिक महिन्यात ताट-वाटी देतात, पहिला घास त्याच्या आधी कुणी घेत नाही, तसा त्याचा शब्दही उलटून बघत नाहीत. मनगट माझ्यामुळे मोडलेलं, आणि अण्णा मलाच म्हणाले, "माफ करा, तुम्हाला उगीच मध्ये घेतलं." मग मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "चूक झाली तर कबूल करावी माणसानं."

मिस्त्रींनी पेढ्यांचा पुडा टीपॉयवर ठेवला आणि ते गेले. प्रसाद टाकता येत नाही. आम्ही खाल्ला.

शेठचे ट्रक दुसरीकडे जायला लागले. मार्केटमध्ये कुणी काम बिघडवलं की म्हणायचे, "काय रे, पिवळा ठिपका मारलास काय?" वर्षाच्या आत मिस्त्रींची शेड बंद झाली. उलव्याकडे गेले म्हणून ऐकलं. तिकडे तेव्हा भातशेती आणि मिठागरं होती, गाड्या कुणाकडे? आमची गाडी भंगारवाल्यानं नेली, जो मुळात न्यायलाच आला होता.

अण्णा मात्र हा किस्सा प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायचे, आणि किस्सा दरवेळी थोडा वाढायचा. पाचेक लग्नांनंतर मिस्त्री त्यात दारू प्यायला लागले. खरे मिस्त्री माळकरी होते, चहासुद्धा अर्धाच प्यायचे. मी पंगतीत खाली मान घालून जिलेबी खायचो.

गेल्या वर्षी मुलीसाठी फ्लॅट बघायला उलव्याला गेलो होतो. टॉवरच्या रांगेसमोर एक टायरचं दुकान, बाहेर खुर्चीवर मिस्त्री. केस पांढरे, हात तेच. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. शेठची हाक, राहिलेला बोल्ट, काडी.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्ये मला कशापायी सांगताय?"

"म्हणजे... तुम्हाला कळावं म्हणून."

"मला काय कळायचं? म्या केलं नव्हतं ह्ये मला म्हाईत नव्हतं व्हय? ज्यांना म्हाईत न्हाय त्यांला सांगा की."

चहा विचारला नाही. मी निघालो.

त्यानंतरच्या रविवारी अण्णांकडे गेलो. आता ऐंशीचे आहेत. बायको स्वयंपाकघरात होती, तिलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. अण्णा ते मनगट दुसऱ्या हातानं चोळत राहिले.

"म्हणजे इतकी लग्नं मी खोटं सांगत फिरलो?"

"हो."

बायको दारात आली. "आणि पेढे सगळ्यात जास्त तुम्हीच खाल्ले होते," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

अण्णांनी खणातून फोनची जुनी डायरी काढली, चष्मा लावला. जावईबापू म्हणाले नाहीत, लग्नानंतर पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. "इकडे बस. मी नंबर सांगतो, तू लाव. जेवढ्यांना मी सांगितलं तेवढ्यांना तू सांगायचं."

पहिला नंबर ट्रान्सपोर्टवाल्या शेठचा. धंदा आता मुलं बघतात, शेठ घरीच असतात. मी नाव सांगितलं, अण्णांचा जावई म्हणून ओळख पटवली आणि म्हणालो, "शेठ, त्या मिस्त्रींची चूक नव्हती. बोल्ट मी सैल ठेवला होता."

"कुठला मिस्त्री?"

"तुर्भ्याचे. तुमचे ट्रक करायचे."

"अरे, माझ्याकडे पंचवीस मिस्त्री झाले. कुठला?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी हातानं खूण केली, बोल, बोल. मग मी पहिल्यापासून सांगायला लागलो. शेड कुठे होती, साताऱ्याकडचे होते, हात कसा होता, टॅक्सीच्या पार्टमधून काय काय घडवायचे. शेठ मध्ये मध्ये "हां, हां" म्हणत होते, पण त्यांना काही आठवत नव्हतं. ज्या माणसाचं नाव साफ करायला बसलो होतो, तो माणूसच आधी उभा करावा लागत होता.

"बरं," शेवटी शेठ म्हणाले. "मग आता मी काय करू?"

"काही नाही. कुणी विचारलं तर सांगा, माणूस चोख होता."

"मला कोण विचारतंय?" शेठ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

अण्णांनी बोटाला थुंकी लावली आणि डायरीचं पान उलटलं.