डाव्या हाताचे मासे

माझी आत्या चिडली की बोलत नाही, कात्री चालवते. बाबा म्हणतात, "तिच्यापुढे कागद सरकवा आणि लांब उभे राहा." एका प्राथमिक शाळेच्या भिंती ती गोष्टींनी सजवायची. मुलं तिला चित्रबाई म्हणत. कॉलेज नसेल तेव्हा मी तिच्या मदतीला जायचे.

त्या वर्षी पहिलीच्या वर्गाबाहेर दिवा गिळलेला देवमासा होता. गोष्ट आत्यानेच रचलेली. देवमासा चुकून दिवा गिळतो, त्याचं पोट उजळतं आणि अंधारात वाट चुकलेले छोटे मासे त्या उजेडामागून घरी जातात. देवमासा आत्याचा, निळ्या कार्डपेपरचा, पोटाला पिवळा पतंगी कागद. छोटे मासे मुलांचे. कुणाचा बटाट्यासारखा, कुणाचा सगळे दात दाखवणारा. एका मुलीच्या माशाला चार पाय होते.

"माशाला पाय कशाला गं?" मी त्या मुलीला विचारलं.

"पोहून दमला तर?" ती म्हणाली, आणि माझी कीव आल्यासारखं बघितलं.

पालकसभेच्या आदल्या दुपारी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, भिंतीसमोर थांबल्या. "देवमासा सुरेख झालाय हो. पण हे बाकीचं काय चिकटवलंय? पालक म्हणतील, वर्षभर शिकवलं काय?"

"मुलांनी काढलंय."

"मुलांनी काढल्यासारखं दिसायला हवंच, पण जरा बरं. तुम्हीच काढा ना. डाव्या हाताने काढा, म्हणजे अगदी मुलांचं वाटेल. खाली त्यांची नावं घाला."

आत्याने ओठ आवळले. मला वाटलं, आता भडका उडणार. उडाला नाही. पुढच्या वर्षीचं काम द्यायचं की नाही, हे त्याच बाई ठरवणार होत्या. संध्याकाळपर्यंत आत्या डाव्या हाताने मासे काढत राहिली. वाकडे, पण बेताने वाकडे. मुलांचे मासे तिने स्वतः उतरवले, रद्दीच्या पोत्यात कोंबले आणि पोतं जिन्याखाली ढकललं.

"आत्या, हे बरं नाही."

"तोंड मीट आणि चिकटपट्टी दे."

दुसऱ्या दिवशी पायवाल्या माशाची मुलगी आईला ओढतच घेऊन आली.

"हा बघ तुझा मासा! किती गोड!" आईने मोबाईल काढला. "उभी राहा बघू शेजारी."

"हा माझा नाहीये."

"अगं, नाव आहे ना तुझं खाली."

मुलीने नाव वाचलं. मग मान वर करून आत्याकडे पाहिलं. "चित्रबाई, ह्याचे पाय कुठे गेले?"

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला, मग लालबुंद झाला. तिने तो मासा खसकन ओढला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा.

"अहो, काय चालवलंय हे? पालक बघताहेत!" मोठ्या बाई धावत आल्या.

"बघू देत ना! हे मासे मी काढलेत. डाव्या हाताने. तुम्ही सांगितलंत आणि मी मुकाट्याने ऐकलं. पोरांच्या तोंडावर त्यांचंच नाव लावून खोटं बोललो आपण दोघी!"

तिचा आवाज इतका चढला की दोन वर्ग सोडून चाललेला पाढा थांबला. तिने पोतं आणून व्हरांड्यात पालथं केलं. "घ्या रे, आपापला ओळखा."

ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही. ज्याचा हात जिथे पोचला तिथे त्याने आपला मासा चिकटवला. वरचं सगळं पाणी मोकळं राहिलं, आणि खाली, देवमाशाच्या पोटाशी, चुरगळलेल्या माशांची ही झुंबड. पायवाला मासा अगदी फरशीलगत उभा होता.

पुढच्या वर्षी शाळेने आत्याला बोलावलं नाही. त्या भिंतीवर आता छापील मासे आहेत, सगळे एकाच दिशेला तोंड करून.

"अजून मोठ्या बाईंचा राग येतो?" मी परवा विचारलं.

"त्यांचं काय घेऊन बसलीस!" आत्या माझ्यावरच खेकसली. "पाय कुठे गेले, हे त्या पोरीने त्यांना नाही विचारलं. मला विचारलं."

आणि तिने कात्री उचलली.